कुत्र्यांचे पाळणाघर कसे असावे?

शहापूर तालुक्यातील वासिंद, आसनगाव, आटगाव ही रेल्वे स्थानके पहाटेपासूनच गजबजतात. ठाण्या-मुंबईकडे कामाला जाणारी माणसे सकाळी घर सोडतात, ती रात्रीच परततात. मुरबाडकर मंडळी रस्त्याने कल्याण गाठून पुढे जातात. अशा घरात कुत्रा पाळलेला असेल, तर दिवसभर त्याने राहायचे कोठे? मोठ्या शहरांत आता कुत्र्यांची पाळणाघरे निघाली आहेत. आपल्याकडे शेजाऱ्याची पडवी किंवा शेतावरची पत्र्याची शेड हेच बहुधा कुत्र्याचे पाळणाघर असते.

जागा पाहायला गेलेला माणूस सहसा काय विचारतो? पैसे किती, खायला काय देता, जागा स्वच्छ आहे ना, बांधून ठेवता की मोकळे सोडता? हे प्रश्न योग्यच आहेत. पण एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशीला पोहोचला असताना, आणखी एक प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा : या जागेत कुत्र्याला आपल्या अंगातली उष्णता बाहेर टाकता येईल का? त्याचे उत्तर आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात आहे.

धाप कशासाठी?

उन्हातून आलो की आपल्याला घाम येतो. घामाचे बाष्पीभवन होताना ते त्वचेतील उष्णता घेते आणि अंग थंड होते. कुत्र्याला ही सोय नाही. त्याच्या घामाच्या उपयोगी ग्रंथी पंजाच्या गाद्यांवरच असतात. त्यांनी सगळे शरीर थंड होणे शक्य नाही. म्हणून कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो. जीभ, तोंड आणि नाकाची आतली ओलसर त्वचा यांवरून हवा वेगाने फिरते, पाण्याची वाफ होते आणि तेथून वाहणारे रक्त थंड होते.

स्वस्थ बसलेला कुत्रा मिनिटाला साधारण १० ते ३० वेळा श्वास घेतो. धापा टाकताना हाच आकडा ३०० च्या वर जातो. आता तुम्ही विचाराल, इतक्या वेगाने श्वास घ्यायचा म्हणजे स्नायूंना केवढे काम! त्या कामातून आणखी उष्णता निर्माण होणार नाही का? १९६२ साली क्रॉफर्ड या शास्त्रज्ञाने याचा उलगडा केला. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलकासा धक्का दिला तरी तो उंच जातो. यालाच अनुस्पंदन म्हणतात. कुत्र्याची छाती आणि फुप्फुसे यांचीही अशीच एक स्वाभाविक लय असते, सेकंदाला सुमारे पाच-सहा आंदोलनांची. कुत्रा नेमक्या त्याच लयीत धापा टाकतो. त्यामुळे थोड्या श्रमात खूप हवा खेळते.

पुढे १९७० साली श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की धापा टाकताना हवा मुख्यतः नाकाने आत जाते आणि तोंडाने बाहेर पडते. ओलाव्याचा मोठा पृष्ठभाग नाकात असतो. आता ज्याचे नाक चपटे, त्या पग जातीच्या कुत्र्याचे काय होत असेल, याचा विचार करा. आपल्या लांब नाकाच्या गावठी कुत्र्याला जो उन्हाळा सोसतो, तो पगला सोसत नाही.

एक छोटे गणित

सुमारे २० किलो वजनाचा कुत्रा घेऊ. तो नुसता पडून राहिला तरी त्याच्या शरीरात तासाला अंदाजे २८ किलोकॅलरी उष्णता तयार होते. शरीराचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढवण्यासाठी त्याला साधारण १७ किलोकॅलरी लागतात. म्हणजे उष्णता बाहेर पडण्याचे सगळे मार्ग बंद झाले, तर त्याचे तापमान तासाला सुमारे १.७ अंशाने चढेल.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे जास्तच असते. ४१ अंशांच्या वर उष्माघाताचा धोका सुरू होतो. दोन्हींमधले अंतर सुमारे दोन-अडीच अंशांचे. ते ओलांडायला पडून राहिलेल्या कुत्र्याला दीड तास पुरेल. घाबरून येरझारा घालणारा, भुंकणारा कुत्रा ते याच्या निम्म्या वेळातही ओलांडील.

बाहेरची हवाच ३९ अंशांची असेल, तर वहन आणि अभिसरण यांचा उपयोग नाही. उरते ते बाष्पीभवन. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. म्हणून तासाला २८ किलोकॅलरी घालवण्यासाठी सुमारे ४८ ग्रॅम पाणी लागेल. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या दहा तासांत हे जवळजवळ अर्धा लिटर झाले, आणि तेही फक्त थंड राहण्यासाठी! सकाळी भरलेली वाटी दुपारी कोरडी पडून चालणार नाही. लवंडणार नाही असे जड भांडे हवे, आणि ते पुन्हा भरणारे माणूस हवे.

पत्रा आणि कुड

दुपारच्या उन्हात लोखंडी पत्रा ६० अंशांपर्यंत सहज तापतो. तापलेली वस्तू प्रारणाने उष्णता बाहेर टाकते, आणि हे प्रमाण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. हा स्टेफानचा नियम. ६० अंश म्हणजे ३३३ केल्व्हिन, तर ३० अंश म्हणजे ३०३ केल्व्हिन. ३३३ भागिले ३०३ याचा चौथा घात सुमारे १.४६ येतो. म्हणजे जुना, गंजलेला, तापलेला पत्रा ३० अंशांच्या छपरापेक्षा जवळजवळ दीडपट प्रारण खाली कुत्र्याच्या अंगावर सोडतो. भिंतीवरचा तापमापक हवेचे तापमान दाखवतो. डोक्यावरून येणारी ही उष्णता त्यात पुरती दिसत नाही.

आता आपल्या भागातील ठाकर-कातकरी बांधवांचे जुन्या पद्धतीचे घर आठवा. कारवीचा शेणामातीने सारवलेला कुड आणि वर गवताचे जाड छप्पर. गवताच्या काड्यांमध्ये हवा अडकलेली असते आणि हवा उष्णतेची मंदवाहक आहे. वरचा थर तापला तरी खालचा फारसा तापत नाही. पत्र्याच्या शेडवर पेंढ्याचा जाड थर टाकला, किंवा ती आंब्याच्या सावलीत उभारली, तरी बराच फरक पडतो. कुक्कुटपालन करणारे शेतकरी उन्हाळ्यात जाळीवर ओले गोणपाट बांधतात, तेही बाष्पीभवनासाठीच.

कोंडलेली हवा

समजा, ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच अशा खोलीत दहा कुत्रे ठेवले आणि दारे-खिडक्या लावून घेतल्या. खोलीत ७२ घनमीटर हवा आहे. ३५ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ४० ग्रॅम बाष्प मावते. म्हणजे खोलीत एकूण २,८८० ग्रॅम. सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर निम्मी जागा आधीच भरलेली आहे. उरले १,४४० ग्रॅम. दहा कुत्रे मिळून तासाला ४८० ग्रॅम बाष्प सोडतात. तीन तासांत हवा संपृक्त! त्यानंतर कुत्रा कितीही धापा टाको, बाष्पीभवन फार मंदावते. खोली स्वच्छ आहे, फरशी चकचकीत आहे, आणि आतले कुत्रे मात्र धोक्यात आहेत, असे होऊ शकते.

मग चारी बाजू मोकळ्या सोडाव्यात का? येथे आपल्या डोंगराळ भागाची अडचण आहे. सह्याद्रीपलीकडे, अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या खाद्याचा अभ्यास झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार बिबट्याच्या खाद्यात वजनाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. मालकाची गाडी चुकली आणि अंधार पडला, तर मोकळ्या पडवीत बांधलेला कुत्रा आयता सापडतो. म्हणून जागा बंदिस्त हवी, पण हवा अडवणारी नको. समोरासमोरच्या दोन बाजूंना मजबूत लोखंडी जाळी लावली की दोन्ही गोष्टी साधतात.

आवाज आणि लस

कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. आपली मर्यादा २०,००० हर्ट्झ. एकाऐवजी दहा कुत्रे सारख्याच जोराने भुंकू लागले, की ध्वनीची पातळी १० डेसिबलने वाढते. सिमेंटच्या भिंती आणि पत्रा हा आवाज परतवतात. गवत, गोणपाट तो शोषून घेतात. आवाज कमी, तर भीती कमी आणि अंगात तयार होणारी उष्णताही कमी.

लसीबाबत मात्र तडजोड नको. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. ज्या ठिकाणी आलेल्या प्रत्येक कुत्र्याचे लसीकरणाचे कार्ड मागतात, ती जागा चांगली. पावसाळ्यात जमीन कोरडी राहते का आणि गोचिडांचा बंदोबस्त आहे का, हेही पाहावे.

करून पाहा

शाळेतील दोन सारखे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले मलमलचे कापड गुंडाळा. दोन्ही पत्र्याच्या शेडमध्ये, कुडाच्या घरात आणि झाडाखाली प्रत्येकी पंधरा मिनिटे ठेवून वाचन घ्या. कोरड्या आणि ओल्या तापमापकांत ८-९ अंशांचा फरक असेल, तर बाष्पीभवन चांगले होते आहे. फरक २ अंशांवर आला असेल आणि हवा तापलेली असेल, तर ती जागा कुत्र्यासाठी धोक्याची आहे. घरच्या कुत्र्याचे श्वासही मोजा. सावलीत अर्धा तास स्वस्थ पडूनही त्याची जोराची धाप थांबत नसेल, तो झोकांडत असेल, तर वेळ घालवू नका. त्याला सावलीत न्या, अंगावर साधे गार पाणी ओता, वारा घाला आणि लगेच पशुवैद्यकाकडे न्या. ओले गोणपाट त्याच्या अंगावर गुंडाळून ठेवू नका. वाफ अडून राहील.

तुमच्या नोंदींचा तक्ता करून शिक्षकांना दाखवा. गावात ज्यांच्या शेडमध्ये दिवसा कुत्रे ठेवले जातात, त्यांनाही तो दाखवा. पेंढ्याचा थर, समोरासमोर जाळी आणि भरलेले पाण्याचे भांडे, याला फार खर्च येत नाही.