महागडा सेन्सर घ्यावा की भाड्याने आणावा?

परभणी, पाथरी, जिंतूरकडे लग्नाचे चित्रीकरण करणाऱ्या आमच्या व्यावसायिक बांधवांनी सिनेमाचा महागडा कॅमेरा घ्यावा काय? आमच्या मते आधी हिशोब मांडावा, मग दुकानात जावे.

पूर्वी कॅमेऱ्यात जिथे फिल्म असे, तिथे आता प्रकाश टिपणारी चिप असते. तिलाच सेन्सर म्हणतात. सोनीचे एफएक्स३ (२०२१) आणि एफएक्स३० (२०२२) हे कॅमेरे दिसायला जवळजवळ सारखेच. पहिल्याचा सेन्सर सुमारे ३६ बाय २४ मि.मी., दुसऱ्याचा सुमारे २३ बाय १५.५. बाजारात आले तेव्हा अमेरिकेतील किंमत ३,८९९ आणि १,७९९ डॉलर. गंमत अशी की महागड्यात बिंदू कमी, सुमारे १.२ कोटी, स्वस्तात २.६ कोटी. तेव्हा बिंदू मोजून किंमत ठरवू नये. मोठ्या सेन्सरचा खरा फायदा अंधारात. त्याचे क्षेत्रफळ दुपटीहून जास्त असल्याने कमी उजेडातही चित्रात दाणे कमी येतात.

आता आपल्या कामाकडे पाहू. परभणीच्या हजरत तुराबुल हक यांच्या उरुसातील रात्र टिपायची असेल, तर हा फरक दिसेल. पण शादीखान्यातील निकाह-वलीम्याला आपण स्वतःचे दिवे लावतो आणि गिऱ्हाईक ते चित्रीकरण बहुधा मोबाईलवरच पाहते! तिथे चांगला माईक आणि दोन जादा दिवे अधिक उपयोगी पडतात.

शिवाय खर्च कॅमेऱ्यावर थांबत नाही. लहान सेन्सरसाठी बनलेली जुनी भिंगे मोठ्याला पुरी पडत नाहीत. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रीकरण केले तर तासाला ४५ जीबी जागा लागते. ६०० ने केले तर २७० जीबी. हार्डडिस्क कोण भरून देणार?

मालेगावच्या नासिर शेख यांनी तर साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रपट काढले. कॅमेरा फिरवायला सायकल, उंचावरून चित्र घ्यायला बैलगाडी! फैजा अहमद खान यांनी २००८ साली त्यांच्यावर माहितीपट केला आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा हिंदी चित्रपटही आला. सेन्सर विचारत कोणी आले नव्हते.

तरीही मोह होत असेल तर आधी भाड्याने आणावा. समजा, दोन कॅमेऱ्यांतील फरक दीड लाखाचा आहे आणि भाडे रोजचे अडीच हजार. म्हणजे अंधारातली साठ कामे झाल्यावर पैसा वसूल. हप्त्याने घेतल्यास व्याज वेगळे. वर्षाकाठी अशी कामे किती येतात, ते आपली वही उघडून पाहावे.