फ्रान्सच्या पोटातील स्पॅनिश नगर

स्पेन आणि फ्रान्स यांच्या दरम्यान पिरेनीज पर्वताची रांग उभी आहे. तेव्हा या दोन देशांची सरहद्द निसर्गानेच आखून दिली असेल, असे नकाशा पाहताना वाटते. परंतु या पर्वताच्या पूर्व भागात सर्दान्या नावाचे एक रुंद खोरे आहे. त्या खोऱ्यात, चहूबाजूंनी फ्रेंच भूमीने वेढलेला, सुमारे १३ चौरस किलोमीटरचा एक तुकडा स्पेनच्या मालकीचा आहे. त्याचे नाव लिव्हिया.

समुद्रसपाटीपासून सुमारे १,२२० मीटर उंचीवरील या नगराची लोकसंख्या साधारण दीड हजार आहे. फ्रान्समध्ये उगम पावणारी सेग्रे नदी लिव्हियाच्या हद्दीतून वाहत स्पेनमध्ये शिरते आणि पुढे एब्रो नदीला मिळते.

हा तुकडा वेगळा कसा पडला? १६५९ मध्ये झालेल्या पिरेनीजच्या तहान्वये स्पेनने रूसियों प्रांत व सर्दान्याचा काही भाग फ्रान्सला दिला. सर्दान्यातील ३३ खेडी फ्रान्सकडे जावीत, असे पुढील वाटाघाटींत ठरले. तेव्हा लिव्हिया हे खेडे नसून नगर आहे, असा मुद्दा स्पेनच्या बाजूने मांडण्यात आला. तसा दर्जा त्यास पूर्वीच मिळालेला होता. १६६० मध्ये खुद्द लिव्हियातच झालेल्या करारात हा मुद्दा मान्य झाला. मात्र तेथे तटबंदी उभारू नये, अशी अट स्पेनला स्वीकारावी लागली. भोवतालची खेडी गेली, नगर राहिले.

आज लिव्हिया कॅटलोनियातील जिरोना प्रांतात मोडते. स्पेनमधील स्थानिक कारभाराचा पाया १९८५ च्या कायद्याने घातलेला आहे. पिण्याचे पाणी, सांडपाणी, दिवाबत्ती, रस्त्यांची सफाई, कचरा आणि दफनभूमी ही कामे कितीही लहान नगरपालिकेला करावीच लागतात. १,००१ ते २,००० वस्तीच्या नगरास ९ सदस्य असतात. दर चार वर्षांनी मतदार त्यांना निवडतात आणि सदस्य आपल्यातून नगराध्यक्ष निवडतात. या नगराध्यक्षास ‘अल्काल्दे’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अल्-काझी’वरून आला, म्हणजे आपल्याकडील ‘काजी’ शब्दाचा तो सख्खा भाऊच होय.

सर्वांत बिकट प्रश्न रस्त्याचा. जवळचे स्पॅनिश शहर पुचसर्दा. पण तेथे जाण्यास फ्रेंच भूमी ओलांडावी लागते. त्यासाठी एक तटस्थ रस्ता राखलेला आहे. १९७० च्या दशकात हा रस्ता जेथे फ्रेंच रस्त्यास छेदतो, तेथे वाहने थांबवण्याच्या पाट्या लावण्यात आल्या. आमचा मार्ग अनिर्बंध आहे, असे म्हणत लिव्हियाकरांनी त्या वारंवार उखडल्या. पुढे तेथे पूल बांधला गेला आणि तंटा मिटला. १९९५ मध्ये शेंगेन करार अंमलात आल्यावर सरहद्दीवरील नेहमीची तपासणीही थांबली. २०१४ मध्ये पुचसर्दा येथे दोन्ही देशांच्या नागरिकांसाठी संयुक्त रुग्णालय सुरू झाले.

एका शब्दाच्या अर्थावर लिव्हियाचे राष्ट्र ठरले. तह करणारे सही करून निघून गेले. पाणी, दिवे आणि वाट यांची तजवीज मात्र तेथील लोकांना साडेतीनशे वर्षे करावी लागली. सीमाभागात राहणाऱ्यांना हे निराळे सांगण्याची गरज नाही.