सड्याच्या पोटातलं पाणी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी मागीलदारी एक नळ आहे. तो कधीच बंद करत नाहीत. मुंबईचा पाहुणा आला की पहिल्याच दिवशी हात धुतो आणि सवयीने तोटी पिळायला जातो, मग काकू चुलीपाशी बसल्या बसल्या ओरडते, "अहो, असू दे, असू दे!" पाणी दगडी दोणीत पडत राहतं, दोण भरून वाहिली की अळवाला जातं, अळवातून केळींना, केळींतून खाली पोफळींना. वीज गेली तरी ते येतं आणि त्याचं बिल येत नाही. कुठून येतं म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: "वरून. सायफनने."

कोकणात डोंगरातल्या झऱ्याला नळी लावून घरापर्यंत आणलेल्या पाण्याला सायफनचं पाणी म्हणतात. पूर्वी हेच काम पाट करायचा आणि जिथे पाट नेता येत नसे तिथे पोफळीचं खोड उभं चिरून, पोखरून केलेली पन्हळ. आता काळी प्लॅस्टिकची नळी आली. नाव मात्र काटेकोरपणे पाहिलं तर चुकीचं आहे. सायफन म्हणजे पाणी आधी उगमाच्या पातळीपेक्षा वर चढतं आणि मग पलीकडे खाली उतरतं. ही चढण हवेच्या दाबावर होते, म्हणून तिला मर्यादा आहे: समुद्रसपाटीला जेमतेम १० मीटर, आणि प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. आमची नळी झऱ्यापासून घरापर्यंत उतरतच येते. मध्ये एखाददुसऱ्या गडग्यावर चढते, पण झऱ्याच्या वर कुठेच जात नाही. हे साधं उताराचं पाणी. काकूला हे मी एकदा समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. सायफनच्या नळीत पाला अडकलाय तो काढून ये."

खरा सायफन पाहायचाच, तर तो कदाचित राजापूरजवळच्या उन्हाळे गावी जमिनीखाली आहे. तिथली चौदा कुंडं कोरडी असतात आणि साधारण तीन वर्षांनी अचानक 'गंगा' येते, काही आठवडे वाहते आणि जाते. हल्ली तिचं वेळापत्रक तेवढं नेमकं राहिलेलं नाही. खडकातल्या पोकळीत पाणी हळूहळू साठत जातं आणि वाकड्या फटीच्या माथ्यापर्यंत चढलं की सायफन सुरू होऊन पोकळी रिकामी होते, असं तिचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.

पण मूळ प्रश्न राहिला, नळ बंद का करत नाहीत? झऱ्यापासून घरापर्यंत दर १० मीटर उतरणीमागे नळीतला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोने वाढतो. पाणी वाहतं असेल तर यातला बराचसा दाब नळीच्या आतल्या घर्षणात खर्च होतो. तोटी बंद केली की घर्षण संपलं आणि सगळा दाब खालच्या टोकाला येऊन बसला. चार किलोची म्हणून विकत घेतलेली नळी ४० मीटरच्या उतरणीपर्यंत सोसते, पुढे जोड सुटतात, आणि ते नेमके करवंदीच्या जाळीत सुटतात. यावर उपाय म्हणजे उतारावर मध्येच एक उघडी टाकी. तिच्यात पाणी मोकळं पडलं की दाब शून्यावर येतो आणि पुढचा हिशेब नव्याने सुरू होतो. ज्यांनी टाकी बांधली नाही त्यांनी नळ चालू ठेवला. पोफळींचं त्यात भलंच झालं.

नळीच्या जाडीबद्दलही एक गैरसमज ठाण मांडून आहे. अर्ध्या इंचाऐवजी एक इंची नळी घातली तर पाणी दुप्पट येईल असं वाटतं. उतार आणि अंतर तेच असेल, तर सुमारे सहापट पाणी वाहू शकतं. काटछेद चौपट होतो आणि वर घर्षणही कमी होतं. अर्थात झऱ्यात तेवढं असेल तर! नसेल तर नळी अर्धवट भरते, उंचवट्यांवर हवा साचते आणि एक दिवस झऱ्यात पाणी असूनही दोणीत थेंब पडत नाही. "हवा धरलीय, दुसरं काय!" असं म्हणत कुणीतरी वर जातं, नेमक्या उंचवट्यावरचा जोड ढिला करतं, फुस्स आवाज येतो आणि पाणी सुटतं. तो उंचवटा कुठला हे आमच्याकडे काकांना पाठ होतं. आता आम्ही तिथे एक छोटी तोटी बसवली आहे.

नळीच्या मागोमाग चढत गेलं की झरा लागतो. उंबराच्या मुळाशी, कातळाच्या कपारीत. उंबर तिथे असणं हा योगायोग नव्हे, त्याला बारमाही ओल लागते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त जमिनीखालचं पाणी ओळखण्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे, त्यात कुठलं झाड आणि कुठलं वारूळ पाहून कुठे खणावं याच्या खुणा आहेत. त्यातल्या सगळ्या खऱ्या ठरत नाहीत. पण झाडाकडे पाहून पाणी ओळखायचं ही दिशा चुकीची नाही.

झऱ्याचं बांधकाम करताना हौशी माणूस हमखास एक चूक करतो. पाणी जास्त साठावं म्हणून तो झऱ्याच्या तोंडाशी उंच भिंत घालतो. टाकी भरते, पाण्याची पातळी झऱ्याच्या तोंडाच्या वर चढते आणि आता बाहेर येऊ पाहणाऱ्या पाण्यावर मागे उलटा दाब बसतो. पाण्याला घाई नसते, पण हट्ट असतो. ते खडकातली दुसरी फट शोधतं आणि पुढच्या वर्षी झरा दहा हात बाजूला, शेजाऱ्याच्या आवारात उमळतो. जुने लोक म्हणायचे, झऱ्याला कोंडू नये. म्हणून साठवणीची टाकी झऱ्याच्या खाली, वेगळी बांधायची. तोंडाशी फक्त गाळ आणि पाला काढून, पाणी नेमकं कुठून येतं ते उघडं करायचं, तिथे धुतलेले गोटे भरायचे, वर घट्ट झाकण घालायचं आणि जादा पाण्याची वाट झऱ्याच्या तोंडापेक्षा खालीच ठेवायची. वरच्या अंगाला एक चर खणायचा, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी बाजूने जाईल.

हा चर फार महत्त्वाचा. "जिवंत पाणी आहे, त्याला काय होतंय!" हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. मातीच्या जाड थरातून हळूहळू गाळत आलेलं पाणी बहुतेक वेळा स्वच्छ असतं, हे खरं. पण इथल्या जांभ्या दगडात बोट जाईल एवढ्या नळ्या आणि भोकं असतात. त्यांतून पाणी गाळलं जात नाही, पळतं. मोठा पाऊस पडल्यावर झरा गढूळ होत असेल तर समजावं की वरचं पाणी थेट आत येतं आहे. वर गोठा असेल, शौचालयाचा खड्डा असेल, तर त्यातलंही येणार. पारखायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. १९८२ मध्ये भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केलेली एक सोपी चाचणी आहे: औषध घातलेल्या छोट्या बाटलीत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायचं. विष्ठेतले जंतू असतील तर ते हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि पाणी काळं पडतं. ग्रामपंचायती जंतुनाशक टीसीएल पावडर टाकतात ती सार्वजनिक विहिरीत. डोंगरातल्या खासगी झऱ्याकडे सहसा कुणी फिरकत नाही, ते काम ज्याचं त्याने करायचं. पावसाळ्यात उकळलेलं पाणी प्यायचं, एवढा नियम आमच्या घरात आता पाळला जातो.

गुणही सांगायला हवेत. जांभ्यातून आलेल्या पाण्यात क्षार फार कमी, म्हणून डाळ पटकन शिजते आणि साबणाला फेस येतो. मात्र ते किंचित आंबट असतं, लोखंडी नळी हळूहळू खातं. जानेवारीच्या पहाटे दोणीवर वाफ दिसते आणि मे महिन्यात तेच पाणी गार लागतं. पाणी बदलत नाही, आपण बदलतो. जमिनीत काही मीटर खाली ऋतू पोहोचतच नाहीत, तिथलं तापमान वर्षभराच्या सरासरीच्या आसपास राहतं आणि झरा ते तसंच बाहेर आणतो.

हे पाणी कुठलं, यावर युरोपातही बराच काळ घोळ होता. समुद्राचं पाणी जमिनीखालून डोंगरात चढतं असं विद्वान मानत. १६७४ मध्ये पिएर पेरो या फ्रेंच गृहस्थाने सेन नदीच्या उगमाकडच्या भागातला पाऊस आणि नदीतलं पाणी यांचा हिशेब मांडला, तेव्हा पाऊस नदीच्या सहापट भरला. म्हणजे झऱ्यांना समुद्राची गरजच नव्हती. पुढे आंरी दार्सी या अभियंत्याने दिजाँ शहराला १२ किलोमीटरवरच्या एका झऱ्याचं पाणी बंद पाटाने आणून दिलं. त्या कामावर १८५६ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाच्या परिशिष्टात त्याने वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम नोंदवला. आजचं भूजलशास्त्र त्या परिशिष्टावर उभं आहे.

आमच्या झऱ्याच्या वर सडा आहे. सपाट, काळा, मे महिन्यात पाय भाजणारा, पावसात फुलांनी भरणारा. त्याचा वरचा थर जांभ्याचा, सच्छिद्र. त्याखाली पांढुरकी-जांभळट, साबणासारखी गुळगुळीत चिकणमाती आणि तिच्याखाली काळा कातळ. पावसाचं पाणी जांभ्यातून उतरतं, चिकणमातीवर अडतं, आडवं सरकत सड्याच्या कडेला येतं आणि जिथे हे दोन थर उघडे पडतात तिथे बाहेर पडतं. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या डोक्यावरही जांभ्याची अशीच टोपी आहे.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. म्हणजे अडीच एकर सड्यावर तीन कोटी लिटर. त्यातला समजा दहावा हिस्सा मुरला, तर तीस लाख लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने पाच माणसांच्या घराला वर्षाला साधारण एक लाख लिटर पुरतं. मग अडीच एकरांवर तीस घरं जगायला हवीत! तरी वैशाखात वाड्यांवर टँकर का येतो? कारण जांभा पाणी जसं पटकन घेतो तसं पटकन सोडतोही. गणपतीत झरा धो-धो वाहतो तेव्हा ते पाणी कुणालाच नको असतं.

म्हणून झऱ्याची ऐपत गणपतीत पाहू नये, वैशाखात पाहावी. आणि ती आधीच ओळखताही येते. पाऊस थांबल्यावर बऱ्याच झऱ्यांचं पाणी दर महिन्याला साधारण एकाच पटीने घटतं, कारण साठा जेवढा कमी तेवढी मागून येणारा रेटाही कमी. बादली आणि घड्याळ पुरे. डिसेंबरमध्ये मिनिटाला २० लिटर आणि जानेवारीत १४ असेल, तर पट झाली ०.७. फेब्रुवारीत दहाच्या आत, मार्चमध्ये सात, एप्रिलमध्ये पाच, मेमध्ये साडेतीनच्या खाली. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण मिनिटाला एक लिटर म्हणजे दिवसाला १,४४० लिटर, माणशी ५५ने २६ जणांना पुरेल एवढं. करंगळीएवढी धारही घर चालवते, फक्त रात्रभर ती साठवायला टाकी हवी. उन्हाळ्यात वाहता नळ परवडत नाही तो इथे.

घट मोजून कळते, भरून कशी काढायची? झऱ्याच्या तोंडाशी खणून काही होत नाही, पाणी मुरतं ती जागा वर असते. ती नेहमी झऱ्याच्या बरोबर डोक्यावरच असते असंही नाही. थर कलते असतील तर डोंगराच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस अलीकडे झरतो. सिक्कीममध्ये २००८ पासून 'धारा विकास' कार्यक्रमात हे काम झालं. आधी खडकाचे थर वाचायचे, मुरण्याची जागा शोधायची, मगच चर खणायचे. खडक वाचण्याच्या या विद्येत पुण्याच्या अ‍ॅक्वाडॅम संस्थेचा आणि हिमांशू कुलकर्णी यांचा मोठा वाटा आहे. २०१८ च्या नीती आयोगाच्या अहवालात देशभरातल्या झऱ्यांचा अंदाज पन्नास लाखांचा दिला आहे, त्यातले तीसएक लाख हिमालयात. सह्याद्रीतल्या झऱ्यांची चर्चा त्या मानाने कमीच होते.

आपल्याकडे ही जागा राखायचं काम देवराई करायची. १९७० च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यांतल्या कितीतरी पाण्याच्या उगमाशी आहेत. सड्याला मात्र देव नाही. कागदावर तो पोटखराबा, म्हणजे काहीही करायला मोकळा. तिथे चिरेखाण निघते, सुरुंग लावून कलमांचे खड्डे होतात, बोअर पडते. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे, ठरावीक पात्रातून न वाहणारं, आपल्या जमिनीखालचं पाणी घ्यायचा हक्क जमीनमालकाचा. खालच्या झऱ्यावर पाच घरं असली तरी.

काकू हल्ली कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवते. पंधरा लिटरची बादली, दर पौर्णिमेला. मार्गशीर्षात ४५ सेकंद, पौषात ६४. त्यावरून मी वैशाखाचा आकडा काढून दिला होता, चार मिनिटं २२ सेकंद. बुद्धपौर्णिमेला तिने मोजलं तर पाच मिनिटं दहा सेकंद भरले. सड्यावर यंदा एक नवी बोअर पडली आहे. एका वर्षाच्या आकड्यावरून तिच्याकडे बोट दाखवता येत नाही, पावसाळाही आदल्या वर्षी लवकर आटोपला होता. पिण्यावापरायला पाणी अजून भरपूर आहे, पाचही घरांना. पोफळींना मात्र यंदा पुरलं नाही. काकूने आकड्याच्या शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि पहिल्यांदाच नळाची तोटी बंद केली.