जुन्या बैलाच्या जोडीला



सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या कांठापर्यंत पसरलेल्या आमच्या रावेर-यावलच्या पट्ट्यांत नव्या गोऱ्ह्याला जुंपण्याची एक जुनी रीत आहे. गोऱ्हा दुसऱ्या गोऱ्ह्याबरोबर जुंपावयाचा नाहीं. त्याच्या शेजारीं मुरलेला, शक्य तर थोडा थकलेला बैल हवा. पहिले कांहीं दिवस गाडी नाहीं, औत नाहीं. नुसता एक ओंडका मागें बांधून मोकळ्या वावरांतून फेऱ्या घालावयाच्या. गोऱ्हा उजवीकडे ओढतो, जुना सरळ चालतो. गोऱ्हा धांव घेऊं पाहतो, जुन्याचें पाऊल बदलत नाहीं. गाडीवानाची हांक ऐकून जुना थांबला कीं जुवाखालीं नव्याची मानही थांबते. आठपंधरा दिवसांत त्या हांकेचा अर्थ त्याला कळूं लागतो. जुना बैल त्याला शिकवितो असें म्हणणें धाडसाचें होईल. तो आपला चालतो, एवढेंच. शिकविण्याचें काम जूं करतें.

ट्रॅक्टर आल्यापासून हें दृश्य आमच्याकडेही विरळ झालें आहे. परंतु मला आज बोलावयाचें आहे तें केवळ बैलांविषयीं नव्हे. लहानांना नवी विद्या येते ती स्वतः धडपडून, कीं थोरांच्या शेजारीं राहून? हा प्रश्न मी पस्तीस वर्षें वर्गांत वागवीत आलों, आणि त्याचें उत्तर मला शाळा सुटल्यावर केळीच्या बागेंत मिळालें. तेंही नुकसान सोसून.

प्रथम धडपडीची बाजू घेऊं. सुगरण पक्ष्याचा खोपा आमच्या खानदेशांत विहिरीवरच्या बाभळीला लोंबतांना पुष्कळांनीं पाहिला आहे. जळगांवाजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनीं त्याला मराठी घराघरांत नेलें. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. जें कांहीं त्यांनीं जाणलें तें शेतांत आणि जात्यावर. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. खोपा विणणारी सुगरण मादी नसून नर असतो. डॉ. सलीम अली यांनीं १९३० सालीं अलिबागजवळच्या किहीम येथें सुगरणींच्या वसाहतीवर दिवसेंदिवस नजर ठेवून हा संसार उलगडला. नर अर्धा खोपा विणून थांबतो. मादी येते, आंत शिरते, ओढूनताणून पाहते. तिला पसंत पडला तर नर तो पुरा करतो आणि लगोलग दुसऱ्या खोप्याच्या व दुसऱ्या मादीच्या मागें लागतो. कवितेंतील माउलीचें मोल यानें कमी होत नाहीं, पण कारागिराचें श्रेय कारागिराला दिलें पाहिजे.

हा कारागीर विणणें शिकतो कोठें? पात्या गुंफण्याची ओढ त्याला जन्मतः असते, परंतु कौशल्य नसतें. कोवळ्या नरांचे पहिले खोपे ओबडधोबड होतात. निकोलस व एल्सी कोलियास या अमेरिकन दांपत्यानें आफ्रिकेंतील सुगरणीच्या एका जातीवर केलेले प्रयोग १९६४ सालीं प्रसिद्ध झाले. ज्या पाखरांना लहानपणीं विणावयास हिरव्या पात्या मिळाल्या नाहींत, तीं पुढें पात्या हातीं आल्यावरही इतरांच्या मागें पडलीं. म्हणजे गुरु नसला तरी चालेल, पण कच्चा माल आणि सराव हवा. यांतील मर्म असें कीं, पाती चुकीची गुंफली तर ती त्याच क्षणीं चोंचीतून सुटते. चूक आणि चुकीचें उत्तर यांच्यामध्यें एका श्वासाचेंही अंतर नाहीं.

परंतु सर्वच चुका इतक्या स्वस्त नसतात. दक्षिण आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटांत मीरकॅट नांवाचा, मुंगसाच्या कुळांतील एक लहान प्राणी कळपानें राहतो. विंचू हें त्याच्या अन्नापैकीं एक. विंचवाशीं झालेली पहिली चूक शेवटचीही ठरूं शकते. ॲलेक्स थॉर्नटन व कॅथरिन मॅक्ऑलिफ यांनीं २००६ सालीं दाखवून दिलें कीं, कळपांतील मोठे अगदीं लहान पिलांना मेलेला विंचू आणून देतात. पिलें थोडीं वाढलीं म्हणजे नांगी तोडलेला जिवंत विंचू देतात. आणि पुढें नांगीसकट. पिलाच्या तावडींतून भक्ष्य निसटलें तर मोठा तें पुन्हां त्याच्यापुढें लोटतो.

खरी मौज पुढेंच आहे. पिलाची तयारी मोठ्यांना कशी कळते? तर भुकेनें ओरडणाऱ्या पिलाच्या आवाजावरून. वयाप्रमाणें तो आवाज बदलतो. संशोधकांनीं लहान पिलें असलेल्या कळपाला मोठ्या पिलांच्या आवाजाचें ध्वनिमुद्रण ऐकविलें, तेव्हां मोठे लगेच अधिक जिवंत भक्ष्य आणूं लागले. म्हणजे पिलाला काय येतें हें ते पाहतच नाहींत. वय ऐकतात आणि धडा ठरवितात! हें वाचून मला हंसूं आलें आणि थोडी लाजही वाटली. वयावरून इयत्ता आणि इयत्तेवरून धडा, हाच तर आमचाही धंदा.

माझ्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्रैराशिक त्याला कधीं जमलें नाहीं. कापणीच्या दिवसांत तो आजोबांबरोबर बागेंत जाई आणि आठ आठ दिवस शाळेंत दिसत नसे. एकदां मीं भर वर्गांत त्याला म्हटलें, "तुझ्या डोक्यांत केळीचा गाभा भरला आहे." वर्ग हंसला. तोही हंसला. सातवीनंतर तो शाळेंत आला नाहीं. त्या वाक्यामुळेंच आला नाहीं असें मी म्हणत नाहीं. परंतु तें वाक्य मला पुढें विसरतां आलें नाहीं.

निवृत्तीनंतर वडिलोपार्जित दोन एकरांची बाग मी स्वतः पाहूं लागलों. वहीवर माझा विश्वास. कोणत्या रांगेंत घड केव्हां निसवला, किती दिवसांनीं कापला, सर्व टिपून ठेविलें. पहिली कापणी साधली. दुसऱ्या वर्षीं त्याच आंकड्यावर भिस्त ठेवून, दिवस भरल्यावर कापणी केली. माल दिल्लीच्या वाटेला लागला. पांचव्या दिवशीं व्यापाऱ्याचा फोन आला कीं, अर्ध्याहून अधिक माल वाटेंतच पिवळा पडला. जो पैसा हातीं आला त्यांतून कापणीची मजुरीही सुटली नाहीं.

त्या संध्याकाळीं तो मुलगा, आतां चाळिशीचा बागाईतदार, आपण होऊन घरीं आला. माझी वही त्यानें चाळून पाहिली आणि अदबीनें बाजूस ठेविली. "गुरुजी, दिवस नका मोजूं. धारा पाहा."

कोवळ्या केळ्याच्या अंगावर उभे कंगोरे असतात. त्यांनाच आमच्याकडे धारा म्हणतात. आंतला गर भरत जातो तसतशा त्या धारा बोथट होतात आणि केळें गोल दिसूं लागतें. जवळच्या बाजारासाठीं घड चांगला भरूं द्यावा. दूर जावयाचा असेल तर तीनचतुर्थांश भरला असतां, बोटाला धार लागत असतांनाच कापावा. थंडींत घड सावकाश भरतो, उन्हाळ्यांत झपाट्यानें. मीं हिवाळ्यांतील आंकडा उन्हाळ्यांतील घडाला लावला होता. त्रैराशिक बिनचूक होतें, केळ चुकली होती!

मग मला दिसलें कीं ही विद्या सुगरणीच्या विद्येहून निराळी आहे. कापणाऱ्याला त्याच्या चुकीचें उत्तर मिळतच नाहीं. कोयता सावद्यास चालतो आणि चूक दिल्लीस उघडी पडते. घड खालीं ठेवतांना बसलेला मार हिरव्या सालीवर दिसत नाहीं; पिकल्यावर तो काळा डाग होऊन उठतो, आणि तोंवर घड ठेवणारा दुसऱ्याच बागेंत असतो. अशा कामांत नुसत्या अनुभवावर विसंबलें तर हजार घड कापूनही मनुष्य अडाणीच राहूं शकेल.

कांहीं उत्तरांना तर दिवस नव्हे, पिढी लागते. टांझानियांतील तरंगिरे राष्ट्रीय उद्यानांत १९९३ सालीं मोठें अवर्षण पडलें. तेथील हत्तींच्या ज्या गटांचा अभ्यास चालू होता त्यांत नऊ महिन्यांत ८१ पिलांपैकीं १६ दगावलीं. जे गट उद्यान सोडून पाण्याच्या शोधांत गेले त्यांचीं पिलें अधिक वांचलीं. जे राहिले त्यांची हानि अधिक झाली. संशोधकांचा कयास असा कीं, १९५८ ते १९६१ चा दुष्काळ पाहिलेल्या वृद्ध हत्तिणी ज्या गटांत होत्या, त्यांना बाहेर पडण्याची वाट आठवली असावी. तरुण हत्तिणीला हा धडा स्वानुभवानें मिळावयाचा तर त्याची फी पिलाच्या प्राणानें भरावी लागते. बैल असो, हत्ती असो, म्हाताऱ्याला पोसण्याचा खर्च कळपाला कां परवडतो याचें एक कारण मला येथें दिसतें.

त्या मुलाच्या आजोबांची रीत मात्र मला या सर्वांहून नामी वाटली. दोन हंगाम त्यांनीं नातवाच्या हातीं कोयता दिलाच नाहीं. त्यानें फक्त घड झेलावयाचा. आजोबा खोडाला अर्धवट घाव घालीत. खोड हळूहळू झुकत येई, आणि खालीं उभ्या असलेल्या नातवाच्या खांद्यावरील गोणपाटाच्या घडीवर घड टेके. मग आजोबा दांडा कापीत. वजन प्रथम खांद्याला कळलें, डोळ्याला मागाहून. तिसऱ्या हंगामांत आजोबा विचारूं लागले, "यांतला कोणता कापूं?" नातवानें भलताच घड दाखविला तरी ते रागावत नसत. तोच घड कापीत. पण गाडींत चढवीत नसत. घरीं आणून पडवींत आढ्याला टांगून ठेवीत. रोज सकाळीं नातवानें त्याच्याकडे पाहावयाचें. तिसऱ्याच दिवशीं पिवळा पडला तर कापावयास उशीर झाला होता. पिकण्याऐवजीं सुरकुतत चालला तर घाई झाली होती. दिल्लीस पडणारें उत्तर त्या म्हाताऱ्यानें असें घरच्या आढ्याला बांधलें. मीं पस्तीस वर्षांत चुकलेल्या उदाहरणांवर तांबड्या फुल्या किती मारल्या याची गणती नाहीं. त्यांतील एकही कोणाच्या पडवींत टांगली गेली नाहीं.

आतां कोणी म्हणेल, हा सारा जुन्यांचा पोवाडा झाला. तसें नाहीं. जपानमधील कोशिमा बेटावर १९५३ सालीं इमो नांवाच्या दीड वर्षाच्या वानरीनें वाळूंत पडलेलें रताळें पाण्यांत धुऊन खावयास आरंभ केला. तिच्या सवंगड्यांनीं तें उचललें, तिच्या आईनें उचललें. मोठे नर मात्र बहुतेक वाळूसकटच खात राहिले. नवी गोष्ट पुष्कळदां खालून वर चढते, आणि चढतांना वरच्यांच्या प्रतिष्ठेला अडखळते. आमच्याकडे ठिबक सिंचन आलें तेव्हां हेंच झालें. पाटानें वाफे तुडुंब भरणाऱ्या पिढीला केळीसारख्या तहानलेल्या झाडाला थेंबाथेंबानें पाजणें हा पोरखेळ वाटला. त्या मुलाच्या आजोबांनींही "थेंबानें कुठें केळ पोसते?" म्हणून आठ दिवस अबोला धरला होता. नातवानें वाद घातला नाहीं. अर्ध्या रांगा ठिबकावर ठेविल्या आणि अर्ध्या पाटावर, आणि घड भरूं लागल्यावर आजोबांना दोन्हींकडचे घड खांद्यावर घ्यावयास सांगितलें. म्हाताऱ्यानें घेतले. पुढच्या वर्षीं पाट बुजला. कोशिमाच्या नरांहून आमचे आजोबा शहाणे ठरले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

विसाव्या शतकाच्या अखेरीस उतिसंवर्धित रोपें आलीं. चांगला कंद पारखण्याची जुनी विद्या तेव्हांपासून मागें पडली, आणि त्याबद्दल मला फारसें दुःख नाहीं. २०१६ सालीं जळगांवच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालें. खतें, पाणी, घडावर घालावयाची पिशवी, यांचें गणित आतां तरुणच थोरांना समजावून देतात. धारेवर बोट फिरवून घड ओळखण्याचें काम मात्र अजून बोटाकडेच आहे.

मीं त्या बागाईतदाराजवळ त्या जुन्या वाक्याची आठवण एकदां काढली. त्याला तें आठवत होतें. "गुरुजी, गाभ्याची भाजी होते," एवढेंच तो म्हणाला आणि कामाला लागला.

या हंगामांत माझ्या पडवींतही एक घड टांगला आहे. माझ्या दहा वर्षांच्या नातवानें तो निवडला. मला तो चार दिवस जून वाटला होता, पण मी बोललों नाहीं. आज पांचवा दिवस. सकाळीं मी इकडे यावयास निघालों तेव्हां वरच्या फणींतील एका केळ्यावर किंचित् पिवळी झांक दिसत होती. नातवाच्या मतें ती उन्हाची होती.