शरीराचा ट्रान्झियंट रिस्पॉन्स



कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण सगळेच एक आकृती पाठ करतो. इनपुट एका क्षणात शून्यावरून एकवर जातो. आउटपुट मात्र सावकाश चढतो, थोडा वरखाली होतो आणि मग कुठे स्थिरावतो. या मधल्या वळणाला ट्रान्झियंट रिस्पॉन्स म्हणायचं, दोन मार्कांची व्याख्या लिहायची आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. पण हे वळण एखाद्या माणसाच्या शरीरात चार-पाच वर्षं चालू असेल तर?

जन्माच्या वेळी ज्यांची नोंद मुलगी अशी झाली, पण जे स्वतःला पुरुष म्हणूनच ओळखतात, त्यांना ट्रान्स पुरुष म्हणतात. त्यातले काही जण डॉक्टरांच्या सल्ल्याने टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन सुरू करतात. या लेखात त्यानंतर शरीरात काय होतं आणि मन लगेच शांत का होत नाही, ते सांगायचं आहे. मॅगेझिनमध्ये हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण अनेक जण हा उपचार आपल्याच वयात सुरू करतात आणि त्या वयात माणूस आईबाबांजवळ नसतो, हॉस्टेलवर असतो. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मधे मधे इंग्रजी शब्द येतील, तेवढे चालवून घ्या.

बातमीत न येणारी वर्षं

महाराष्ट्रात हा विषय घराघरांत पोचला तो बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यामुळे. 2017 मध्ये त्यांनी लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. खात्याने आधी नकार दिला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. शेवटी सरकारने परवानगी दिली आणि मे 2018 मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. 2020 मध्ये त्यांचं लग्न झालं, 2024 मध्ये ते बाबा झाले. त्यांच्या तपासणीत वाय गुणसूत्र आढळल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. बहुतेक ट्रान्स पुरुषांच्या बाबतीत असं काही आढळत नाही, म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये.

पण एक गोष्ट सगळीकडे सारखीच दिसते. शस्त्रक्रियेची बातमी होते, लग्नाची होते. मधल्या काळात रोज सकाळी आरशात काय दिसतं, याची बातमी कधी होत नाही.

आत नक्की काय होतं?

प्रत्येकाच्या शरीरात हार्मोनसाठी एक फीडबॅक लूप असतो. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिच्युटरी ग्रंथीला सिग्नल देतो, पिच्युटरी बीजकोशाला देते. रक्तात हार्मोन पुरेसं झालं की सिग्नल कमी होतो, अगदी गिझरच्या थर्मोस्टॅटसारखा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागलं की लूपला वाटतं, माल पुरेसा आहे. मग आतलं उत्पादन मंदावतं आणि शरीर नव्या सेट पॉइंटकडे निघतं. बहुतेकांची पाळी पहिल्या सहा महिन्यांत थांबते ती यामुळेच. पण पाळी थांबली म्हणजे गर्भधारणा होणारच नाही, असं मुळीच नाही. टेस्टोस्टेरॉन हे गर्भनिरोधक नव्हे.

आता खरी गंमत टाइम कॉन्स्टंटची. इनपुट एकच, पण प्रत्येक अवयवाचा वेग वेगळा. त्वचा सगळ्यात घाईची. पहिल्या काही महिन्यांतच ती तेलकट होते, मुरुमं येतात. आवाज साधारण तीन महिन्यांपासून पुढे फुटू लागतो आणि वर्ष-दोन वर्षांत बसतो. स्नायू भरायला सहा महिने ते वर्ष लागतं. कंबर-मांड्यांवरची चरबी हळूहळू पोटाकडे सरकते, त्याला दोन ते पाच वर्षं. मिसरूड सहा महिन्यांनंतर फुटतं, पण भरघोस दाढीला चार-पाच वर्षंही लागू शकतात. कुणाला ती येतच नाही, कारण घराण्याचा वारसा असतोच. जे हार्मोन हनुवटीवर केस उगवतं, तेच डोक्यावरचे केस विरळही करू शकतं. मामा किंवा बाबा टकले असतील तर तयारी ठेवलेली बरी!

आवाजाचं गणित तर आपल्या फिजिक्सच्या पुस्तकातलंच आहे. तार जाड झाली की फ्रीक्वेन्सी उतरते. टेस्टोस्टेरॉनने स्वरतंतू जाड होतात. बायकांचा बोलण्याचा आवाज सरासरी 200 हर्ट्झच्या आसपास असतो आणि पुरुषांचा 120 च्या. प्रवास या दोन आकड्यांमधला. पण वयात आलेल्या माणसाच्या स्वरयंत्राचा सांगाडा आता फारसा वाढत नाही. तार बदलते, वाद्याची पेटी तीच राहते. म्हणून मधल्या काळात आवाज चिरकतो, घसरतो, गाताना दगा देतो.

यातले काही बदल परतीचे आहेत, काही नाहीत. औषध थांबवलं तर पाळी बहुधा परत येते, चरबी आणि स्नायू पूर्वीसारखे होऊ लागतात. खाली गेलेला आवाज मात्र वर येत नाही, आलेली दाढी आपोआप जात नाही. म्हणूनच हा निर्णय एंडोक्रायनॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ यांच्याशी नीट बोलूनच घ्यायचा असतो. पुढे मूल हवं असेल तर तो विषयही आधीच काढायचा असतो. पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी रक्त तपासतात, कारण लाल पेशी वाढून रक्त जास्त घट्ट होऊ शकतं. कोलेस्टेरॉल आणि ब्लड प्रेशरवरही लक्ष ठेवावं लागतं. जिममधल्या कुणा दादाने दिलेलं इंजेक्शन म्हणजे हा उपचार नव्हे, हे अधोरेखित करून ठेवा.

मग मन का बसत नाही?

शरीर एक सांगतं आणि मन दुसरं, यातून जी घुसमट होते तिला जेंडर डिस्फोरिया म्हणतात. ट्रान्स असणं हा मनाचा आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत तो विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढलेला आहे. पण घुसमट खरीच असते. उपचार सुरू झाल्यावर ती अनेकांची कमी होते. तरी मधल्या काळात ती काही वेळा उलट वाढते, आणि हेच बाहेरच्यांना कळत नाही.

माझा एक मित्र या काळातून जातोय. तो कुठला आणि कुठे शिकतो ते सांगणार नाही. हा लेख त्याला वाचून दाखवूनच दिला आहे. तो म्हणाला, "आधी गर्दीत माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. आता आवाज फुटला आणि तोंड उघडलं की सगळे वळून बघतात." दुसरं वाक्य त्याहून अवघड होतं. "मिसरूड आलं त्या दिवशी खूश झालो. संध्याकाळी अंघोळीला गेलो तर छाती पूर्वीपेक्षा जास्त खुपायला लागली."

याचं कारण वर सांगितलेल्या टाइम कॉन्स्टंटमध्येच आहे. सगळं एकसारखं बदलत नाही. चेहरा पुढे गेला, छाती मागे राहिली. आवाज पोचला, आयकार्डावरचा फोटो आणि नाव मागेच. टेस्टोस्टेरॉनने छाती सपाट होत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते. पूर्वी सगळंच नकोसं होतं, आता जे मागे राहिलं तेवढंच डोळ्यांत भरतं.

इंजेक्शनची स्वतःची लयही असते. दर दोन-तीन आठवड्यांनी घ्यायचं इंजेक्शन असेल तर रक्तातली पातळी सॉटूथ वेव्हसारखी चालते. आधी उंच, मग उतरत उतरत पुढच्या डोसच्या आधी तळाला. त्या तळाच्या दिवसांत काहींना थकवा येतो, चिडचिड होते, नको नको ते विचार येतात. डॉक्टर डोस आणि अंतर बदलून ही वेव्ह सपाट करू शकतात. स्वतःच्या मनाने डोस वाढवणं हा मात्र त्यावरचा उपाय नाही.

तिसरी गोष्ट सॅम्पलिंगची. दिवसातून वीस वेळा आरसा बघितला तर हाती येतो तो नुसता नॉइज. माझ्या मित्राने यावर आपल्याच पद्धतीचा तोडगा काढला. दर महिन्याच्या एक तारखेला तेच वाक्य मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, त्याच खिडकीजवळ एक फोटो काढायचा, बाकी दिवस मोजमाप बंद. सहा महिन्यांनी पहिली आणि शेवटची फाइल लागोपाठ ऐकली तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

छातीवर बाइंडर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. आठ तासांपेक्षा जास्त नको, झोपताना नको, व्यायाम करताना नको. क्रेप बँडेज तर अजिबात गुंडाळू नका, ते श्वासाबरोबर आवळत जातं आणि बरगड्यांना इजा होऊ शकते. आमच्या नवापूरच्या मे महिन्यात साधा बनियन नकोसा होतो, तिथे बाइंडरचं काय सांगावं!

आमचं स्टेशन

नवापूरचा विषय निघालाच आहे तर आमच्या रेल्वे स्टेशनबद्दल सांगते. ते अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातमध्ये. प्लॅटफॉर्मवर एक बाक आहे, त्याच्या मधोमध सीमारेषा. सूचना चार भाषांत होतात. बाहेरचे लोक फोटो काढतात, आम्हाला त्यात काही नवल वाटत नाही. स्टेशन आधीपासून होतं, राज्यांची रेषा 1 मे 1960 ला आली. रेषा आली म्हणून कुणी स्टेशनला विचारलं नाही की बाबा, तू नक्की कुठला ते आधी ठरव, मग गाडी थांबवू. गाड्या थांबत राहिल्या, लोक चढत-उतरत राहिले. मधल्या काळातल्या माणसालाही एवढंच हवं असतं. त्याचं ठरेपर्यंत त्याचं जगणं कुणी थांबवून ठेवू नये.

आपण काय करायचं?

टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं 1935 मध्ये. त्यानंतर चारच वर्षांनी, 1939 मध्ये, मायकेल डिलन या इंग्रज माणसाने ते घ्यायला सुरुवात केली. पुढे तो डॉक्टर झाला, जहाजावर नोकरीला लागला. सगळं नीट चाललं होतं. 1958 मध्ये वर्तमानपत्रांनी त्याचा भूतकाळ छापला. त्याने सगळं सोडलं, भारतात आला, बौद्ध भिक्षू झाला आणि 1962 मध्ये डलहौसीला वारला. हार्मोनने त्याचं काही बिघडवलं नव्हतं, बिघडवलं ते लोकांच्या कुतूहलाने. हॉस्टेलमध्ये एक गोष्ट जिन्यावरून मेसपर्यंत पोचायला किती वेळ लागतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणून पहिला नियम, दुसऱ्याची गोष्ट त्याच्या परवानगीशिवाय पुढे न्यायची नाही.

दुसरा नियम भाषेचा. इंग्रजीत "आय अ‍ॅम गोइंग" म्हटलं की कुणालाच काही कळत नाही. मराठीत मात्र "मी जातो" की "मी जाते" हे प्रत्येक वाक्याला ठरवावं लागतं. माझा मित्र कित्येक वर्षं घरी अर्धवट वाक्यं बोलायचा, "जायचंय", "खाऊन झालं", "नको". क्रियापदाला लिंग लागू नये म्हणून! तो ज्या दिवशी "मी जातो" म्हणाला त्या दिवशी त्याला "आलास का?" असं विचारणं एवढंच आपलं काम. जीभ अडखळत असेल तर मराठीने सोय ठेवलेली आहे, "तुम्ही आलात का? जेवलात का?" आदरार्थी बोलताना स्त्री-पुरुष भेद उरत नाही.

तिसरी गोष्ट सरांना, मॅडमना आणि वॉर्डनना नम्रपणे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींचे हक्क मान्य केले, 2019 मध्ये संसदेने त्यासाठी कायदा केला. पण दाराला आतून कडी असलेलं एखादं बाथरूम, हजेरीला योग्य नाव आणि दर तीन महिन्यांनी रक्ततपासणीसाठी बाहेरगावी जायला विनाचौकशी सुट्टी यासाठी कोर्टाची वाट बघायची गरज नाही. नवापूरसारख्या गावातून मोठा दवाखाना म्हणजे सुरत किंवा नाशिक, पूर्ण दिवस जातो. आणि कुणाचा तो तळाचा दिवस फारच खोल गेला, तर 14416 हा सरकारचा टेली मानस फोन नंबर चोवीस तास चालू असतो. तो नोटीस बोर्डावर लावा, इतरांनाही उपयोगी पडेल.

शेवटी पुन्हा आपला अभ्यासक्रम. ट्रान्झियंटमध्ये सिस्टिम हेलकावे खाते म्हणून कुणी ती बिघडली असं म्हणत नाही. हेलकावे किती वेळ चालणार हे डॅम्पिंगवर अवलंबून असतं. शरीराचा वेग हार्मोन आणि वारसा ठरवणार, तिथे आपलं काही चालत नाही. डॅम्पिंग मात्र शेजारच्या खोलीतून येतं, मेसच्या टेबलावरून येतं.