लगाम बदलण्याआधी दाढा पाहा

लगाम ओढला की घोडा मान झटकतो, जबडा फाकवतो, एका बाजूला वळतच नाही. मग त्याच्यावर ‘अडेल’ असा शिक्का बसतो. खरे कारण पुष्कळदा त्याच्या दाढांत असते.

गैरसमज : कडियाळे, म्हणजे लगामाचा तोंडातला भाग, दातांना लागतच नाही, मग दातांचा संबंध काय?
वस्तुस्थिती : कडियाळे पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरडीवर व जिभेवर बसते, हे खरे. पण लगाम ताणला की गाल पहिल्या दाढांवर दाबले जातात. दाढांना धार आली असेल, तर गाल आतून सोलवटतो.

गैरसमज : दात आपोआप झिजतात.
वस्तुस्थिती : घोड्याच्या दाढा वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर हिरडीबाहेर सरकतात आणि चावताना झिजतात. मात्र वरचा जबडा खालच्याहून रुंद असल्याने ही झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांना गालाकडून, खालच्यांना जिभेकडून टोके येतात. गवत चघळताना जबडा आडवा भरपूर फिरतो, दाण्यावर तेवढा फिरत नाही. म्हणून तबेल्यात चणे-भरड्यावर पोसलेल्या घोड्याकडे अधिक लक्ष हवे.

गैरसमज : नीट खातो, म्हणजे दात ठीक आहेत.
वस्तुस्थिती : घोडा दुखणे लपवतो. अर्धवट चघळलेले गवताचे बोळे खाली पडणे, लिदीत अख्खे दाणे दिसणे, तोंडाला दुर्गंधी येणे, या खुणा ओळखाव्यात.

गैरसमज : तरुण घोड्याला तपासणी नको.
वस्तुस्थिती : दुधाचे २४ दात अडीच ते पाच वर्षांच्या दरम्यान पडतात, आणि बहुतेक घोडे याच वयात लगाम शिकतात. काहींना पहिल्या दाढेपुढे ‘वुल्फ टूथ’ हा बारीक दातही असतो. तो कडियाळ्याला अडत असेल, तर पशुवैद्य काढून टाकतात.

गैरसमज : कडक लगाम लावला की घोडा सुधारतो.
वस्तुस्थिती : त्याने दुखणे वाढते. काटेरी लगामाला तर भारतात १९६५च्या नियमांनुसार बंदीच आहे.

घोड्याच्या अस्वस्थतेमागे खोगीर किंवा स्वाराचा जड हातही असू शकतो. तरीही आधी तोंड तपासा. वर्षातून एकदा, आणि पाच वर्षांखालच्या घोड्याची दर सहा महिन्यांनी, पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या. दाढांची टोके घासायला गरजेपुरतीच कानस लावायची असते. जास्त घासल्यास दाताच्या आतल्या जिवंत भागाला इजा होते, म्हणून हे काम अंदाजाने घरी करू नका.