मानवी चेताविज्ञानातील वेतनयुक्त संशोधनपद व भाषाविज्ञानाचा पदवीधर

आपल्याकडे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती परीक्षेच्या आधारे उमेदवारास मिळते. विषय व मार्गदर्शक यांचा शोध नंतर सुरू होतो. यूरोपातील बहुतेक वेतनयुक्त संशोधनपदांचा क्रम याच्या उलट आहे. नेदरलँड्समध्ये पीएच.डी.चा संशोधक बहुधा विद्यापीठाचा वेतनधारी कर्मचारी असतो व त्याची नेमणूक सामान्यतः चार वर्षांची असते. प्रकल्पांतर्गत पदाची जाहिरात निघते तेव्हा संशोधनाचा मुख्य प्रश्न, पद्धती व निधी ही बहुतांशी ठरलेली असतात. हा भेद ध्यानी न घेता अर्जदार स्वतःचाच विषय मांडत बसला, तर गुणवत्ता असूनही त्याचा अर्ज निष्फळ ठरण्याचा संभव असतो.

अशा प्रकल्पात भाषाविज्ञानाच्या पदवीधरास स्थान कोठे, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. हान्स बेर्गर याने मानवी मेंदूतील विद्युत्-क्रियेच्या आलेखनाविषयीचा आपला निबंध १९२९ साली प्रसिद्ध केला. याच आलेखनाच्या साह्याने मार्टा कुटास व स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली असे दाखविले की, वाक्यात अर्थदृष्ट्या विसंगत शब्द आला असता सुमारे ४०० सहस्रांश सेकंदांनी मेंदूच्या प्रतिसादात एक ठळक ऋण लहर दिसते. अशा प्रयोगाचे यश वाक्यांच्या काटेकोर रचनेवर अवलंबून असते. 'मुलाने पोळी वाचली' या वाक्यात व्याकरण शाबूत असून अर्थ बिघडतो. 'मुलाने पोळी खाल्ला' यात अर्थ कळतो, परंतु क्रियापदाचा कर्माशी मेळ तुटतो. हे दोन दोष एकमेकांत मिसळू न देणे, हे भाषावैज्ञानिकाचे कौशल्य होय.

म्हणून अर्जपत्रात मेंदूविषयीच्या कुतूहलाचे सर्वसाधारण वर्णन उपयोगी पडत नाही. प्रकल्पातील कोणत्या प्रश्नास आपले कोणते शिक्षण लागू पडते, हे प्रथम सांगावे. पदव्युत्तर प्रबंधात सामग्री कशी जमविली व तिचे विश्लेषण कसे केले, हे थोडक्यात द्यावे. संख्याशास्त्र अथवा संगणकीय आज्ञालेखन यांत उणीव असल्यास ती न लपविता, ती भरून काढण्यासाठी काय चालू आहे ते नमूद करावे. शिफारसपत्र मोठ्या पदावरील व्यक्तीपेक्षा अर्जदाराचे काम प्रत्यक्ष पाहिलेल्या अध्यापकाचे असावे.

निवड झाल्यावरही एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे: मिळणारे द्रव्य वेतन आहे की शिष्यवृत्ती? जर्मनीत हे दोन्ही प्रकार आढळतात. नोकरीच्या करारासोबत आरोग्य व निवृत्तिवेतन यांचा विमा येतो. शिष्यवृत्तीधारकास आरोग्यविम्याची तजवीज स्वतः करावी लागते. शिवाय पद पूर्णवेळ आहे की अंशकालीन, हेही पाहावे. कारण वेतन त्याच प्रमाणात ठरते. परक्या देशात काही वर्षे काढावयाची असल्याने, स्वीकृती कळविण्यापूर्वीच हा खुलासा लेखी मागून घेणे श्रेयस्कर.